डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ एवढंच निघतं : मानसोपचारात आपलं म्हणणं कसं मांडता?

अर्धविराम

नैराश्यासाठी बरेच महिने गोळी चालू आहे, एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी. आधीचं ते अंधारून येणं, सकाळी डोळे उघडल्या उघडल्या दिवस नकोसा होणं, ते गेलं. खोटं कशाला बोलू, गोळीनेच गेलं.

पण आता वेगळंच चाललंय. वाईट वाटत नाही, तसं चांगलंही वाटत नाही. घरात सगळे खळखळून हसतात तेव्हा मी नुसता चेहरा हसरा करते. दुपारी डोळे मिटायला लागतात. बसल्या जागी घाम फुटतो. हे सगळं सांगायचंच असं ठरवून जाते. डॉक्टर विचारतात, ‘काय, कसं चाललंय?’ आणि माझ्या तोंडून येतं, ‘बरं आहे.’ मग तीच गोळी, पुढची तारीख, आणि मी बाहेर.

तक्रार केली तर कृतघ्न वाटेन, अशी एक भीती. दुसरी म्हणजे, मी एका वेगळ्या औषधाबद्दल वाचलंय, त्याचं नाव काढलं तर ‘इंटरनेटवर वाचून आलात का?’ असं ऐकावं लागेल. तुम्ही लोक हे कसं करता? गुळमुळीत धीर नको, प्रत्यक्ष काय बोलता ते सांगा.

गोगलगाय

अगं, ‘कसं चाललंय’ला आपण सवयीने उत्तर देतो, रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्याला देतो तसं. मी भावना सांगणं जवळपास सोडून दिलंय. आता कामं सांगते. ‘उदास वाटतं’ म्हटलं की डॉक्टर मान हलवतात. ‘पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही, आठवड्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री असंच. ऑफिसात एक साधी मेल लिहायला सकाळ जाते. मैत्रिणींचे फोन उचलत नाही’ असं म्हटलं की पेन चालायला लागतं.

दुसरं, पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली घरी भरून नेत जा. नऊ प्रश्न, सगळे मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. एकदाच भरून काही कळत नाही, दर भेटीआधी भरली की चढ-उतार दिसतो. त्यावरून आपलं आपणच निदान करायचं नाही, एवढं पथ्य. आणि एक लक्षात घे, तुझा तो भावनांचा कोरडेपणा तीत नीट पकडला जाणार नाही. गुण कमी येतील आणि तू बरी दिसशील. तो वेगळा सांगावाच लागेल.

तिरकस

न्या, न्या, जरूर भरून न्या. मीही नेली होती. डॉक्टरांनी न वाचता टेबलाच्या कडेला सरकवली आणि गोळीचा डोस वाढवला. पाच मिनिटांत माणूस हातावेगळा करायचा असं ज्याने ठरवलंय त्याच्यासमोर कसली बाजू मांडताय? माझा सल्ला एका ओळीचा आहे : डॉक्टर बदला.

ओपीडीवाला

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे लिहितोय ते सर्वसाधारण आहे, कुणी स्वतःच्या गोळ्यांना परस्पर लावू नये.

तिरकस, तुमचा राग समजतो. घाई असते, नाकारत नाही. पण एक लक्षात घ्या. मधुमेहात साखर मोजता येते, हृदयाचा ईसीजी निघतो. नैराश्याचं निदान करणारी रक्ततपासणी आजही नाही. तुम्ही जे सांगता तीच आमची तपासणी. ‘बरं आहे’ म्हणालात की माझ्या हातात नॉर्मल रिपोर्ट पडला, मग मी औषध कशाला बदलू?

म्हणून सगळ्यात अवघड वाक्य सगळ्यात आधी बोला, खुर्चीत टेकता टेकता. दाराशी पोचल्यावर ‘आणि हो, अजून एक होतं…’ म्हणून जे सांगितलं जातं ते बरेचदा खरं दुखणं असतं, आणि तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो. कागद आणलात तर हातात देऊ नका, स्वतः वाचून दाखवा. दिलेला कागद बाजूला पडतो, हे तिरकस यांनी सांगितलंच. वाचलेलं ऐकावं लागतं.

आम्ही विचारलं नाही तरी सांगाव्यात अशाही काही गोष्टी आहेत. नैराश्यात येणारी माणसं फक्त पडलेल्या दिवसांबद्दल बोलतात. आयुष्यात कधी काही दिवस झोप निम्मी होऊनही अंगात प्रचंड जोर होता, विचार पळत होते, भरमसाट खर्च केला, अचाट बेत आखले, असं झालं असेल तर ते सांगत नाहीत. त्यांना तो आजार वाटतच नाही, तेवढेच चांगले दिवस वाटतात. पण बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि असा उन्माद आलटून पालटून येणारा आजार, असेल आणि नुसतं नैराश्याचं औषध दिलं गेलं, तर काहींचं मन थेट उन्मादाकडे झुकतं. या एका माहितीने सगळी चिठ्ठी बदलू शकते. रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास होता का आणि कोणतं औषध लागू पडलं, तेही सांगा. थायरॉइड तपासलंय का? दारू किती? बाकी कोणत्या गोळ्या? यात वनौषधी लपवू नका. सेंट जॉन्स वर्ट ‘नैसर्गिक आहे’ म्हणून घेतली जाते, पण एसएसआरआयबरोबर ती घेतल्यास सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे शरीरात सेरोटोनिन धोकादायकरीत्या वाढणं, होऊ शकतो, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते.

अर्धविराम, तुम्ही लिहिलेला कोरडेपणा या गटातल्या औषधांचा माहीत असलेला परिणाम आहे. घामसुद्धा. कधी उरलेलं नैराश्यही तसंच दिसतं, त्यामुळे दोन्हीतलं काय ते समोर बसूनच ठरेल. पण कृतघ्नपणाचा इथे संबंध नाही. औषध हे ‘पदरी पडलं पवित्र झालं’ असं नसतं.

अर्धविराम

ओपीडीवाला, मनापासून आभार. ‘नॉर्मल रिपोर्ट पडला’ हे वाचून डोकं लख्ख झालं. मग औषधाचं नाव काढायचं की नाही?

ओपीडीवाला

काढा, पण नावामागचं कारण आधी. ‘मला अमुक गोळी द्या’ म्हटलं तर माझ्याकडे हो किंवा नाही एवढंच उरतं. ‘या गोळीने कोरडं वाटतं आणि दुपारी झोप येते, हे कमी असणारा पर्याय आहे का? मी अमुकबद्दल वाचलं, ते मला का चालेल किंवा का चालणार नाही?’ असं विचारलंत तर मला विचार करून उत्तर द्यावं लागतं. उदाहरणार्थ, ब्युप्रोपियॉनने झोपाळूपणा सहसा येत नाही, पण फिट येण्याचा इतिहास असेल तर ते देत नाहीत. हे कारण तुम्हाला कळलं तर नकारही पचतो.

औषध बदलणं म्हणजे हरणं, असं पेशंटना वाटतं. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, सुमारे ४,००० पेशंटचा, निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने पूर्ण बरे वाटलेले लोक एक तृतीयांशाच्या आसपास होते. म्हणजे पहिलं औषध पुरेसं न पडणं हेच जास्त घडतं. फक्त ‘लागू पडलं नाही’ म्हणण्याआधी ते पुरेशा मात्रेत साधारण सहा ते आठ आठवडे झालेलं असावं. म्हणून नवीन गोळी हातात पडताच विचारून ठेवा : परिणाम कधी दिसायला हवा, आणि नाही दिसला तर आपण पुढे काय करणार?

टिंबटिंब

शब्द किती नेमके हवेत त्याचा माझा अनुभव. मला एक अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांसारख्या त्रासावरचं औषध, सुरू केलं होतं. थोड्या दिवसांत बसवेना. जेवताना उठायचो, फेऱ्या मारायचो, पुन्हा बसायचो. डॉक्टरांना सांगितलं, ‘फार अस्वस्थ वाटतं.’ त्यांनी ते आजारातलं समजून डोस वाढवला. आगीतून फुफाट्यात. पुढच्या भेटीला बहीण बरोबर आली. ती म्हणाली, ‘हा घाबरलेला नाहीये, याचे पाय स्थिर राहत नाहीत. उभा असला तरी जागच्या जागी पाय बदलत असतो.’ डॉक्टरांनी लगेच मला उभं करून पाहिलं. त्याला अकॅथिसिया म्हणतात, औषधानेच होतो. डोस कमी केला, एक वेगळी गोळी दिली, आणि थांबलं.

अस्वस्थ मनात आहे की पायात, हे सांगायला हवं होतं. पण खरं सांगू, त्या अवस्थेत मला ते दिसतच नव्हतं. तेव्हा ‘आपली बाजू आपणच मांडायची’ वगैरे ठीक आहे, पण आजार आधी बोलण्यावरच घाला घालतो. सोबत कुणीतरी न्या.

निरोगीमन

इतक्या गोळ्यांची चर्चा वाचून वाईट वाटलं. या औषधांची सवय लागते, मग आयुष्यभर सुटत नाहीत. पहाटे उठा, व्यायाम करा, प्राणायाम करा, मन खंबीर करा. मी ओळखीच्या एकाच्या सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद करायला लावल्या होत्या, आज ठणठणीत आहे.

गोगलगाय

निरोगीमन, व्यायामाला इथे कुणाचा विरोध नाही. पण ‘एका दिवसात बंद’ हे कृपया लिहू नका. हा धागा वाचून एखादा खरंच करेल.

ओपीडीवाला

संपादकांना विनंती, वरचा प्रतिसाद उडवू नका. हेच घरोघरी बोललं जातं, तेव्हा उत्तर त्याच्या खालीच असलेलं बरं.

‘सवय’ म्हणताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. एसएसआरआयची तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण अचानक थांबवलं तर शरीर कुरकुरतं : चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. पॅरॉक्सेटिनने आणि वेगळ्या गटातल्या व्हेनलाफॅक्सिनने हे जास्त होतं. फ्लुऑक्सेटिन शरीरात बराच काळ टिकतं, म्हणून त्याचं कमी. लोकांना वाटतं आजार परत आला, किंवा व्यसन लागलं. दोन्ही नसतं, उतरण फार घाईची झालेली असते. बरेच महिने घेतलेली गोळी हळूहळू कमी करावी लागते, काहींना त्यालाही महिने लागतात. ‘मला बंद करायची आहे’ हे डॉक्टरांना सांगणं तुमचा हक्क आहे. परस्पर बंद करून नंतर लपवू नका. मग मला वाटतं औषध फेल गेलं, आणि मी दुसरं जास्त जोराचं सुरू करतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या चिंता आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर शरीर खरोखर अवलंबून राहू लागतं. रोज घ्यायची तर साधारण दोन ते चार आठवड्यांच्या वर नको, असा सर्वसाधारण दंडक आहे. चिठ्ठीवर ती दिसली की तिथल्या तिथे विचारा, ‘ही किती दिवसांसाठी, आणि थांबवायची कशी?’ वर्षानुवर्षं घेत असाल तर मात्र आज रात्री एकदम थांबवू नका. फिट येऊ शकते.

मावळता

हे कुणीच लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. गोळी सुरू झाल्यावर लैंगिक इच्छा संपली. बायकोला वाटलं मला तीच नकोशी झाली. डॉक्टर बाई होत्या, वयाने मोठ्या. मी मूग गिळून बसलो. शेवटी गोळ्या गुपचूप एक दिवसाआड घ्यायला लागलो आणि पुन्हा घसरलो. मग चिठ्ठीवर एकच ओळ लिहून सरकवली : ‘गोळीमुळे लैंगिक त्रास आहे, बोलायला संकोच वाटतो.’ बाईंनी वाचलं, मान वर न करता म्हणाल्या, ‘हे फार जणांना होतं, विचारायला मीच हवं होतं.’ औषध बदललं.

ओपीडीवाला

मावळता, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगी आहे. तुमच्या बाबतीत कागद हातात देणंच बरोबर होतं, माझा वरचा नियम तिथे लागू नाही. मिर्टाझापिन, ब्युप्रोपियॉन यांनी हा त्रास कमी होतो, कधी डोस कमी करूनही भागतं.

आभाळवेडी

मी लिथियमवाली. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम वापरल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासूनचं हे जुनं औषध, आणि माझं त्याच्याशी जमतं. पण ते झोपेत घ्यायचं औषध नाही. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरमध्ये राखायची, तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. लॅबवाले हे विचारत नाहीत, मीच सांगते. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही ठरावीक काळाने. सगळे रिपोर्ट एका फायलीत, तारखेप्रमाणे. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी फाईल माझी. एकदा दातदुखीवर दंतवैद्यांनी आयबुप्रोफेन लिहिलं. लिथियम चालू आहे म्हटल्यावर त्यांनी बदलून दिलं, कारण त्याने लिथियमची पातळी वाढू शकते. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं तरी वाढते.

त्याआधी ओलान्झापिन हे अँटिसायकोटिक होतं तेव्हा वजन सुटलं. ‘खाण्यावर ताबा ठेवा’ असं ऐकून आले. ते औषध भूक आणि वजन वाढवतं हे सर्वज्ञात आहे, तरी. पुढच्या वेळी गोळी सुरू होण्याआधीपासूनचे वजनाचे आकडे, कंबरेचं माप, साखर आणि कोलेस्टेरॉल घेऊन गेले. कागदावर वाद घालता येत नाही.

मूल हवं असेल त्या मुलींना एक सांगते. तो विषय दिवस गेल्यावर नाही, आधी काढा. व्हॅल्प्रोएट या बायपोलरमध्येच दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या औषधाने गर्भाला व्यंग येण्याचा आणि पुढे बुद्धीच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो. तुम्ही वयात आहात हे डॉक्टरांना दिसतं, तुमच्या मनात काय आहे ते दिसत नाही.

साधासुधा

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा आहे. टिंबटिंब म्हणतात सोबत कुणी न्या. बरोबरच आहे, पण दुसरी बाजूही लिहितो. पत्नीला स्किझोफ्रेनिया. डॉक्टर सगळं मला विचारायचे, मी सगळं सांगायचो, आणि ती शेजारी बसून असायची. एक दिवस ती म्हणाली, ‘गोळ्या मी खाते. मला विचारा.’ डॉक्टर चांगले होते, खुर्ची तिच्याकडे वळवली. तेव्हापासून आधी ती एकटी आत जाते, मग मला बोलावतात. झोप, अंघोळ, रात्रीची बडबड हे मी सांगतो. गोळीने जीभ जड होते, टीव्हीवरची गोष्ट समजत नाही, हे तीच सांगू शकते.

बरी असताना तिने एक कागद लिहून ठेवलाय. पुन्हा तब्येत बिघडली तर कोणतं औषध चाललं होतं, कोणतं अजिबात नको, कुणाला कळवायचं, कुणाला नाही. खाली तिची सही, डॉक्टरांकडे एक प्रत. मला त्याची फार गरज वाटते, कारण त्या वेळी मी घाबरून काहीही कबूल करतो.

आणि क्लोझापिन. दोन वेगवेगळी अँटिसायकोटिक पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही भागलं नाही तर त्याचा विचार करतात. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात म्हणून रक्त वारंवार तपासावं लागतं, त्यामुळे ते सुचवायला कधी कधी फार उशीर होतो. आम्ही विचारलं तेव्हा विषय निघाला. ‘आम्ही क्लोझापिनच्या टप्प्यावर आलोय का?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

तिरकस

साधासुधा, तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. ‘गोळ्या मी खाते, मला विचारा.’ झकास.

पाहुणी

फक्त विचारण्यासाठी खातं काढलंय. मरण्याचे विचार येतात हे डॉक्टरांना सांगितलं तर ते लगेच दाखल करतात का? त्या भीतीने मी ते सोडून सगळं सांगते.

ओपीडीवाला

पाहुणी, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. विचार येतात एवढ्यावरून सरसकट दाखल करत नाहीत. हे आम्ही रोज ऐकतो. ‘जाग आली नाही तर बरं’ असं वाटणं, कसं करायचं याचा विचार करणं, आणि साधन जमवून ठेवणं, यात फरक आहे. कोणत्या पायरीवर आहात ते सांगितलंत तर मदत त्या मापाची मिळते. नाही सांगितलंत तर मी एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या लिहून देईन, आणि तसं करायला नको असेल.

औषध नुकतंच सुरू झालंय का, डोस बदललाय का, हेही सांगा. लहान मुलं आणि किशोरवयीनांमध्ये नैराश्याच्या औषधांनी असे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. सुरुवातीच्या आठवड्यांत विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच कळवायचं. आणि आत्ता, आज, मनात काही बेत असेल तर कुणाला तरी जवळ बोलवा, गोळ्या त्यांच्या ताब्यात द्या आणि जवळच्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात जा. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

पाहुणी

बेत नाही. विचार असतात. निरोप वाचला. घरात अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं, आत्ता भावाला मेसेज केला. तो येतोय.

आभाळवेडी

पाहुणी, तो पोचला की इथे एक ओळ टाक गं.

पाहुणी

आलाय.

अर्धविराम

सगळ्यांचं वाचून माझा कागद तयार केला. बघा कसा वाटतो :

‘आधीचं नैराश्य या गोळीने कमी झालं, ते परत नको. पण आता आनंदही होत नाही. दुपारी जेवणानंतर झोप आवरत नाही, कामात चुका होतात. घाम खूप येतो. हे गोळीमुळे आहे की आजार उरलाय? डोस कमी करून किंवा बदलून बघता येईल का? बदललं तर जुनी कशी कमी करायची, फरक किती आठवड्यांत दिसायला हवा, मध्येच त्रास झाला तर तुम्हाला कसं गाठायचं? गोळीबरोबर समुपदेशन सुरू केलं तर उपयोग होईल का?’

तिरकस

चांगला आहे, पण लांब आहे. पाच मिनिटंवाल्याला ‘आनंद होत नाही’ आणि ‘कामात चुका होतात’ ही दोन वाक्यं पहिली ऐकव. कौतुक नंतर. तू कौतुकाने सुरुवात केलीस की तो तिथेच ‘छान, चालू ठेवा’ म्हणून मोकळा होईल.

गोगलगाय

तिरकसशी चक्क सहमत. आणि समुपदेशनाचं विचारशील तेव्हा कोणत्या पद्धतीचं, तेही विचार. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या पद्धतीत, भेटींच्या मधे घरी करायचं काम असतं, नुसतं मन मोकळं करणं नसतं. तुला काय झेपेल ते बघ.

ओपीडीवाला

एकच राहिलं. गोळी किती वाजता घेता ते लिहा. दुपारच्या झोपेचा प्रश्न काही जणांचा नुसती वेळ बदलून सुटतो, आणि हे विचारायला आम्ही विसरतो.

अर्धविराम

सकाळी, नाश्त्यानंतर. लिहिलं. कौतुक खाली ढकललं. मंगळवारची वेळ मिळाली आहे, बहीण बाहेर थांबणार, मी हाक मारली तरच आत येणार.